काथ्याचा दोर

रविवारची प्रार्थना आटोपून टोंगा बेटावरचं सेमीसीचं अख्खं कुटुंब जेवायला बसलं. आत्याने सेमीसीच्या ताटात मेंढीचं चरबीदार मांस वाढलं. "गालफडं बसलीत रे! बायको उपाशी ठेवते की काय?" सगळे खिदळले. डॉक्टरांनी साखर वाढल्याचं सांगितल्यापासून सेमीसी मळ्यावर पायी जायचा, मांसाऐवजी मासे खायचा. पण वडिलांच्या थोरल्या बहिणीचा शब्द मोडायची छाती घराण्यात आजवर कुणाची झाली नव्हती. त्याने ताट बाजूला सारलं. हशा थांबला. "आत्या, हा ओळखलास?" त्याने प्रार्थनेसाठी रिवाजाप्रमाणे कमरेला गुंडाळलेल्या चटईवर बांधलेला काथ्याचा दोर दाखवला. आत्याने गाठ चाचपली. तिच्या भावाने, सेमीसीच्या वडिलांनी, वळलेला दोर! भाऊ गेल्यापासून कुणाच्याच कमरेला पुरला नव्हता. "तुला पुरला?" "वीतभर उरला की!" लोंबतं टोक आत्याने डोळ्यांना लावलं. मग सेमीसीच्या बायकोवर कडाडली, "बघत काय बसलीस? मासे आण! आणि माझंही ताट उचल."