अलार्मची वायर

भर समुद्रात इंजिनचा अलार्म केकाटला तेव्हा काशिनाथ तांडेल चक्रावला. उगाचच वाजतो म्हणून त्यानेच त्याची वायर उपटली होती. इंजिन मात्र खरंच तापलं होतं. त्याने ते बंद केलं, पाणी ओढणाऱ्या पाइपात अडकलेलं प्लॅस्टिक काढलं आणि बोट सुखरूप बंदराला लावली.

सगळ्यात मोठी सुरमई घेऊन तो थेट इंजिनं दुरुस्त करणाऱ्या दाऊद मेस्त्रीकडे गेला. "वायर तुम्हीच जोडलीत ना? देवासारखे धावलात."

मेस्त्री हसला. "हो. आधी तू ती चुकून तापमानाच्या मीटरच्या सेन्सरला लावली होतीस, म्हणून अलार्म उगाच वाजायचा. अलार्मचा स्विच शेजारीच, दिसायला तसाच. पण सुरमई घरी ने. तू वायर उपटलीस म्हणून तुझी बायको पाठीस लागली, तेव्हा मी बोटीवर गेलो."

घरी हिराने मासा पाहून विळी पुढे ओढली. काशिनाथने ती आपल्याकडे घेतली.

"आज तू बस," तो म्हणाला आणि तुकड्या पाडायला लागला.