मंद्रातला सायलेन्सर

“आणखी एकदा,” सेतुमाधव म्हणाला.

गणेशकुमारनं अॅक्सिलरेटर दाबला.

भर्रर्र!

“हा नको. हा भुंकतो.”

“सार, सगळ्यात जास्त हाच खपतो. गाडीला दम येतो.”

“माझ्या गाडीत नारळ असतात. नारळांना कशाला दम?”

गणेशकुमार हसला. तंजावूरच्या बायपासवर त्याचं दुकान. भिंतीवर सायलेन्सर नादस्वरांसारखे ओळीनं टांगलेले. “मग हवंय काय नक्की? मायलेज? दिसणं?”

सेतुमाधवनं मोबाइल त्याच्या कानाला लावला. दहा सेकंदांचा आवाज. गच्चीवरून चोरून टिपलेला. घोगरा, खोल, धीमा. त्याच्याखाली कुणीतरी बोलत होतं, पण ते बोलणं इंजिनात बुडालेलं.

“असा. आमच्या अण्णांच्या गाडीचा.”

“मग अण्णांची गाडीच मागून घ्या की, सार!”

सेतुमाधव हसला नाही.

*

मंगळवार.

दर मंगळवारी अण्णा, म्हणजे थोरले भाऊ वरुणराव, तंजावूरहून तिरुवैयारुला येत. गाडी सेतुमाधवच्या गाडीसारखीच. तोच रंग, तेच मॉडेल. फरक फक्त सायलेन्सरचा.

वडिलांची, अप्पांची, दृष्टी जाऊन सहा वर्षं झाली होती. कान शाबूत होते, वीणेच्या शिकवण्या चालू होत्या. कालव्याच्या पुलावर वरुणरावांची गाडी आली, की अप्पांचा हात थांबे.

“मंद्र पंचम,” ते पुटपुटत. शिकवणी अर्धी टाकून, काठीही न घेता, फाटकापर्यंत जात.

“या, वरुणराव.”

या! स्वतःच्या लेकाला अहो-जाहो!

सेतुमाधवची गाडी आली, की अप्पांचं बोट तारेवरून हलत नसे. “आलास?” एवढंच. ज्यानं त्यांना रोज न्हाऊ घालायचं, ताटात काय कुठे वाढलंय ते सांगायचं, त्याला हे एवढंच.

*

टर्र!

“हाही नको. हा शिंकतो.”

“सार, सायलेन्सर बघताय की सोयरीक?”

*

मंगळवारी गाडी नारळाच्या बागेतच ठेवून, मागच्या जिन्यानं चोरून गच्चीवर चढलं, की दिसे ते असं : अप्पा फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून पाव तास उभे. वरुणराव गाडीतून उतरतही नसत. मोठा माणूस, राइस मिल, सवड कुठे! खिडकीतून ते एक पिवळी कापडी पिशवी पुढे करत. सेतुमाधव ओळखून होता, हलवा असणार. अप्पांना गोड लागतं. घरात मात्र त्यातला कण कधी आला नाही. म्हातारा एकटाच फस्त करत असेल, नाहीतर काय!

“तुझ्यासाठी उठतात कधी?” त्यानं बायकोला, शांभवीला, विचारलं होतं.

“माझ्यासाठी कशाला उठतील? मी काय पाहुणी आहे?” ती डाळ निवडत म्हणाली. “आणि तुम्ही आता लहान मूल झालात काय?”

तिला कळायचं नाही. तिला थोरला भाऊ नव्हता.

*

हूंऽऽ

तिसरा. लांब, स्टेनलेस स्टीलचा.

सेतुमाधवनं डोळे मिटले. वीणा त्याला कधी आली नाही. सात वर्षं अप्पांनी शिकवलं, मग एके दिवशी म्हणाले, “जा, बागेत जा.” पण श्रुती कळत होती.

“किंचित चढा आहे. नळी चार बोटं लांब करा.”

“कंपनीचं माप आहे, सार.”

“करा.”

गणेशकुमारनं मान हलवत तुकडा जोडला. वेल्डिंगच्या ठिणग्या उडाल्या. पुन्हा अॅक्सिलरेटर. सेतुमाधव एका कानाला मोबाइल लावून, दुसरा कान गाडीकडे करून उभा राहिला. मग त्यानं मोबाइल बंद केला. त्याची गरज उरली नव्हती.

“सरी, जमलं,” गणेशकुमार म्हणाला, “आता तुमच्या बायकोलाही ओळखू येणार नाही.”

“बायकोचं कोण बोलतंय?”

*

मंगळवार. दुपारचे चार. रोज तो गाडी घेऊन सहाला परतत असे. वरुणराव पाचला येत.

कालव्याच्या पुलावर त्यानं गाडी वरच्या गिअरमध्ये घातली. आवाज खाली उतरला. खोल. धीमा.

घरात हरिता नावाची शिष्या धडा वाजवत होती. तिला साथ देणारी अप्पांची वीणा मध्येच थांबली.

दार उघडलं.

अप्पा आले. अनवाणी, काठीशिवाय, एक हात पुढे धरून. पायरीवर अडखळले, सावरले. एवढं? एवढी ओढ? त्यानं गाडी फाटकाशी उभी केली. इंजिन चालूच ठेवलं, वरुणराव ठेवत तसं. एकदा, फक्त एकदा, त्याला ते ‘या’ ऐकायचं होतं. मग हसून सांगणार होता, अप्पा, मी.

अप्पांनी गज चाचपले.

गच्चीवरून इतकी वर्षं जे दिसलं नव्हतं, ते जवळून दिसलं. अप्पा गज धरत नव्हते. ते फाटकाला आतून साखळी घालत होते.

“या, वरुणराव,” अप्पा म्हणाले. “पिशवी पुढे करू नका. त्या कागदांवर माझी सही होणार नाही, किती मंगळवार सांगू? हे घर सेतूचं आहे. तो यायच्या आत निघा. तुम्ही त्याला इथून काढायला बघताय, हे मी त्याच्या कानावर जाऊ दिलेलं नाही. अजून तो तुम्हाला अण्णा म्हणतो.”