पहिला हात

ऐक, फक्त ऐक, मध्ये बोलू नकोस. सोमवारी हॉस्पिटलात नवा सर्व्हर बसला. हल्ली पासवर्ड नसतो ना, तळहात ठेवायचा, तो हृदयाच्या ठोक्यांवरून माणूस ओळखतो. हॉस्पिटलचे कॉम्प्युटर सांभाळणाऱ्या रसिकाने तो बसवला, नारळ फुटला, आणि पहिला हात सगळ्यात ज्येष्ठ म्हणून मालन सिस्टरचा. आता पहिला हात ज्याचा तोच मालक, बाकीच्यांना त्यानेच आत घ्यायचं. पेढ्यांच्या गडबडीत ते राहूनच गेलं.

त्याच संध्याकाळी मालन सिस्टर कोसळल्या. त्यांना पेसमेकर बसवला.

मंगळवारी सकाळी कोणालाच लॉगिन होईना. रक्तपेढीचं पोलादी दारही त्याच सर्व्हरवर उघडायचं, तेही बंद, आणि वर एक बाळंतीण रक्तावाचून पांढरी पडत चाललेली. दार कापायला किंवा सर्व्हर नव्याने बसवायला तास लागणार, तिच्याकडे वीस मिनिटं. रसिकाने मालन सिस्टरना पलंगासकट खाली आणलं, त्यांचा हात सर्व्हरवर ठेवला.

"अनोळखी व्यक्ती," सर्व्हर म्हणाला. ठोके आता यंत्राचे होते ना.

"पेसमेकर दहा सेकंद थांबवला तर मूळचे ठोके येतील," डॉक्टर म्हणाले. "पण येतीलच, असं नाही सांगता येत."

"मग थांबवा की," मालन सिस्टर म्हणाल्या. "तेहतीस वर्षांत इथे मला कोणी अनोळखी म्हटलं नाही. हा कोण टिकोजीराव?"

डॉक्टरांनी कागद पुढे केला. नातेवाइकाची सही लागणार होती, आणि रसिका त्यांची एकुलती एक मुलगी.

"कर गं सही. माझ्याकडे बघत बसू नकोस."

रसिकाने पेन उचललं. अकरा मिनिटं उरली होती. तू तिच्या जागी असतास, तर काय केलं असतंस?