मामाचं इंग्रजी

"आज इंग्रजी काढायचं नाही, मामा," सुरतेत लिंबायतला रिक्षातून उतरता उतरता लोटूने पुन्हा बजावलं.

"एकच शब्द विचारीन."

"उधन्याला पाहिलेल्या मुलीलाही एकच विचारला होतास. रडत आत गेली ती."

शालिग्राम नात्याने मामा. वयाने लोटूहून वर्षभर मोठा, एवढंच. बारडोलीच्या साखर कारखान्यात कारकून. इंग्रजी शब्दकोडी सोडवायची आणि त्यातले हातभर लांब शब्द भेटेल त्याच्या अंगावर सोडायचे, हा त्याचा जोडधंदा. लोटूला वडील नव्हते, तेव्हा बोलणी मामानेच करायची. नवऱ्यामुलाने मान खाली घालून बसायचं, तोंड उघडायचं नाही, ही रीत. या रीतीपायी तीन स्थळं हातची गेली होती, तरी आईने तीच ताकीद देऊन पाठवलं होतं.

पांडेसऱ्याच्या डाइंग मिलमध्ये कापड रंगवून रंगलेले हात मांडीखाली दडवून लोटू निंबाभाऊंच्या सतरंजीवर बसला.

त्यांची मुलगी भागीरथी पोहे घेऊन आली. मामाने नाव विचारलं, शिक्षण विचारलं. मॅट्रिक. मग मामा खाकरला. लोटूने डोळे मिटले.

"पोगोनॉट्रॉफी म्हणजे?"

"दाढी राखणं."

लोटूने डोळे उघडले. मामा सावरून बसला.

"फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन?"

"एखाद्याला कवडीमोल ठरवणं. तेच करायला आलात ना?"

"अगं, पाहुण्यांशी बोलतेस," स्वयंपाकघरातून तिच्या आईचा, मालतीबाईंचा आवाज आला.

"मीही एक विचारते. सेस्क्विपिडेलियन?"

"लांबलचक शब्द वापरायची खोड असलेला," मामा पडेल आवाजात म्हणाला.

"खोड आहे हे कळतं म्हणजे," भागीरथी म्हणाली आणि तोंडाला पदर लावून आत गेली.

पोहे गार झाले. शेवटी मामा निंबाभाऊंना म्हणाला, "मुलगी पसंत आहे."

इतकी वर्षं ज्याच्या नावाने बोटं मोडली, त्याच मामाच्या पाया पडावंसं लोटूला वाटलं.

"पोरीलाही विचारू द्या," निंबाभाऊ म्हणाले आणि त्यांनी बायकोला खूण केली.

आत कुजबुज झाली, हसणं झालं. लोटूने कॉलर नीट केली.

मालतीबाई पदर सावरत दारात आल्या. चेहरा नुसता फुलला होता.

"पोर हो म्हणते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "फक्त विचारते, त्यांच्याबरोबर आलेले हे गप्प गप्प दादा त्यांचे कोण?"