हेल्मेटच्या आत

शाळेची घंटा वाजली तरी तिने हेल्मेट काढलं नाही.

"बबडू, काढ ना गं राजा. कालही हेच, परवाही हेच." आईने हनुवटीखालच्या पट्ट्याला हात लावला. दुसरीतली ती एवढीशी पोर, दोन्ही हातांनी हेल्मेट दाबून धरत स्कूटरच्या आड गेली.

"काय गं, चंद्रावर निघालीस का?" गेटवरचे काका म्हणाले. कुणी हसलं नाही. "ताई, आत पाठवा नाहीतर घरी न्या. मला गेट लावायचंय."

"आज घरी नेली ना काका, तर उद्या ही स्कूटरवरही बसायची नाही." बोलता बोलता आईने पट्टा खेचला. आतून अशी किंकाळी आली की वर्गाच्या बाई धावत बाहेर आल्या.

"ओढू नका." बाई तिथेच गुडघे टेकून बसल्या. "तोंड लपवायचंय का तुला? लपव. हेल्मेट घालून बस वर्गात."

हेल्मेट डावीकडून उजवीकडे हललं.

"मग?"

"यात कमी ऐकू येतं."

"काय कमी ऐकू येतं?"

हेल्मेट खाली झुकलं. मग घुमल्यासारखा आवाज आला, "सगळे मला चिडवतात. 'आई, पाणी पिऊ? आई, शूला जाऊ?' मी त्या दिवशी चुकून तुम्हाला आई म्हटलं ना, म्हणून."

आईचा हात पट्ट्यावरून आपोआप सुटला.

"एवढंच होय! मी रागावते हं त्यांना," बाई म्हणाल्या.

"तुम्ही पण हसलात."

आई बाईंकडे एकटक बघत होती. काकांनी उगाचच गेटची कडी वरखाली केली.

"हसले," बाई म्हणाल्या. "सगळ्यांच्या आधी मीच हसले." त्या उठल्या, साडीला लागलेली माती तशीच. "हे मी आत जाऊन सांगते. तू दाराशी उभी राहा. नाही पटलं तर आई आहेच, खुशाल घरी जा."

व्हरांड्यात आईच्या पर्समध्ये फोन थरथरत राहिला. ऑफिसातले साहेबच असणार. तिने पर्स काखेत दाबली. बाई आत गेल्या, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी दाराकडे बघून चिरक्या आवाजात ओरडलं, "आई आली रे!" वर्ग खदखदून हसला. छोट्या बोटांची नखं आईच्या तळहातात रुतली. आत जाऊन एकेकाचा कान पिळावा असं आईला झालं. ती हलली नाही.

डस्टर टेबलावर आपटलं. आवाज विरले. बाई बोलू लागल्या, पण इतक्या हळू की आईलाही शब्द ऐकू येईनात.

मुलीने आईचा हात सोडला. हेल्मेट एका बाजूने वर उचललं, एक कान उघडा होईल इतकंच.