चौथा बोल्ट

तिसऱ्या दिवशीही स्टीअरिंगचा कॉलम जागचा हलला नाही, तेव्हा कोंढाळकर सरांनी पाना खाली ठेवला आणि हात पुसत निदान सांगितले.

"यावर कोणीतरी हातोडा चालवला आहे. आतला दांडा वाकला असणार. कापावा लागेल."

दारात उभ्या असलेल्या अमृतने मतीनकडे पाहिले. ट्रक अमृतच्या वडिलांचा होता. उत्रोली गावचा भात वाहून म्हातारा झालेला. तो पुन्हा रस्त्यावर आणण्याचे काम त्याने भोरला मतीनच्या गॅरेजात दिले होते. काम अडले, तेव्हा मतीननेच आयटीआयमधल्या आपल्या निवृत्त सरांना बोलावून आणले होते.

"हातोडा मारलास व्हय रं?"

"न्हाई, अमृतभाऊ."

"मग काय सर खोटं बोलत्यात? जमत नव्हतं तर आदीच सांगायचं. आता क्रेन लावतो नि गाडी पुण्याला न्हेतो. मंग बस पंक्चरी काढत."

मतीन सरांकडे वळला. "सर, मी एकदा खाली झोपून बगू का? खालच्या बाजूनं..."

"काल सांगितले ना, नाही म्हणून. मी सगळे बोल्ट मोजून सोडले आहेत. तीन."

सोडलेले तिन्ही बोल्ट बाजूला एका पत्र्याच्या झाकणात ठेवले होते. जोर लावण्याआधी मोजा, हे सरांनी तीस वर्षे शिकवले होते, मतीनलाही. मतीन मागे सरकला. अमृत क्रेनवाल्याला फोन लावत रस्त्याकडे गेला.

कापायच्या जागी खडूने खूण करण्यासाठी सर वाकले. गुडघा लटपटला. आधारासाठी टाकलेला हात केबिनच्या तळाच्या पत्र्यातल्या फटीतून खाली गेला, आणि डांबरासारख्या घट्ट ग्रीसखाली बोटांना एक कड लागली. त्यांनी नखाने ग्रीस खरवडले. सहा कडा मोजल्या. कॉलमला खालून आवळून धरणाऱ्या क्लॅम्पचा बोल्ट. कधीच न सोडलेला.

तो दिसण्यासाठी गाडीखाली झोपावे लागले असते. गुडघ्यांमुळे ते झोपले नव्हते, आणि मतीनला त्यांनी झोपू दिले नव्हते.

सरांनी मागे पाहिले नाही. पाना लावला. बोल्ट सुटताच त्यांनी तो पँटच्या खिशात टाकला. मग कॉलम एका हाताने वर ओढला. तो आला. आतला दांडा सरळ होता.

अमृत परत आला तो फोन कानाला धरूनच. "थांबा वो जरा," तो क्रेनवाल्याला म्हणाला, आणि फोन खाली घेतला. "निघाला की, सर. कसा काय?"

सरांच्या मागे मतीन उभा होता. त्याचा श्वास त्यांना ऐकू येत होता.

"तेल मुरायला वेळ लागतो," सर म्हणाले.

"आन् दांडा?"

"थोडक्यात वाचला."

अमृत हसला. "बगितलंस मतीन? ह्याला शिक्षण म्हंत्यात. सर व्हते म्हनून गाडी ऱ्हायली तुज्याकडं, न्हाईतर तुज्या हातोड्यानं वाटच लावली व्हती. सर, बसवताना पन तुमीच पायजे. ह्याच्या एकट्याच्या हवाली मी करायचो न्हाई."

सरांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्यांनाही ठरवता आले नाही.

अमृतची मोटारसायकल रस्त्याच्या वळणापलीकडे दिसेनाशी झाल्यावर मतीनने वाटीत डिझेल आणले. सरांनी हात पुढे केले. त्याने ते बोटाबोटाने धुतले, स्वच्छ चिंधीने कोरडे केले. सर त्याच्या मानेकडे पाहत राहिले. "मतीन," त्यांनी सुरुवात केली.

"सर," मतीन चिंधी पिळत, खाली पाहतच म्हणाला, "खिशातला बोल्ट घरी न्हेऊ नका. त्या मापाचा आता कुटं मिळत न्हाई."