सहावं नाव

दर मंगळवारी दहा वाजून दहा मिनिटांनी कम्प्युटरवर ताईच्या नावापुढे हिरवा ठिपका लागे आणि मिनिटभरात विझे. ताई जाऊन वर्ष झालं होतं. औषधांची माहितीपत्रकं भाषांतरित करणाऱ्या छोट्या ऑफिसात धाकट्या बहिणीने तिचं खातं बंद केलं नव्हतं, कारण ठिपका विझला की मजकुरातली एखादी चूक सुधारलेली असे. “तिकडेही बाईसाहेब डोळ्यांत तेल घालून बसल्यात,” भाऊजी म्हणायचे. आज सॉफ्टवेअरचं लायसन्स नव्याने घ्यायचं होतं. “मॅडम, पाच जणांचं स्वस्तात पडेल. सहावं नाव ठेवायचं?” फोनवरच्या विक्रेत्याने विचारलं. तेवढ्यात ठिपका लागला. विझला नाही. पडद्यावर तान्ह्या बाळांच्या औषधाचा डोस होता: दोन मिलिलिटर. दोनपुढे शून्य उमटलं. तिने पुसलं. पुन्हा उमटलं. ताई असं चुकणारी नव्हती. “मॅडम?” “पाचच द्या,” ती म्हणाली. “ताई आता आमच्यात नाही.”